ध्वनिचित्रफितींचे संगणकीकरण : एक पाठचिकित्सेचा प्रश्न

अनेक महाविद्यालयांच्या मराठी विभागांत, बांधीव नियतकालिकांच्या खंडांशेजारी, व्हीएचएस फितींचा एखादा ढीग धूळ खात पडलेला असतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत चर्चासत्रे, लेखकांच्या मुलाखती आणि विशेषतः लोकनाट्याचे प्रयोग या फितींवर टिपले गेले. त्या आता संगणकावर उतरवून घेण्याची लगबग दिसते, व ती योग्यच आहे. मात्र हे काम कार्यालयीन स्वरूपाचे मानून फितींची पिशवी एखाद्या लग्नाच्या चित्रीकरणवाल्याकडे धाडून देण्याची जी रीत पडली आहे, तिला प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे. फितीची संगणकीय प्रत तयार करणे म्हणजे प्रतिलेखन होय. आणि प्रतिलेखक मूळ पाठाचे काय करून ठेवतो, हे आपल्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको.

निकड खरी आहे. पॉलिएस्टरच्या अर्धा इंच रुंद पट्टीवर चुंबकीय कण ज्या द्रव्याने चिकटवलेले असतात, ते दमट हवेतील पाणी शोषून हळूहळू विघटित होते. कोकणातल्या हवेत वर बुरशीही धरते. फीत कशीबशी टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले आणि नवीन व्हीसीआर मिळणे बंद झाले. २०१९ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने जगभरच्या संग्रहालयांना जो इशारा देण्यात आला, त्यात २०२५ च्या सुमारास फितींचे वाचन व्यवहारतः अशक्य होऊ लागेल असे गृहीत धरले होते. ते वर्षही आता आले आहे.

परंतु या फितींवर नेमके काय आहे? दशावतारात आख्यान ठरलेले असते, संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगमंचावरच रचतात. तमाशातील बतावणी गावागणिक, प्रेक्षकांगणिक बदलते. अशा प्रयोगाला संहिता अशी नसतेच, आणि असलीच तर ती या फितीवर आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा ताडून पाहण्यास अन्य प्रती होत्या. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, तेव्हा तर देशभरातून पोथ्या जमवता आल्या. आपल्या कपाटातील फितीला मात्र दुसरी प्रत नाही. तिच्यावरून केलेली नक्कल चुकली, तर ती सुधारण्यास आधार उरणार नाही.

नक्कल चुकते कशी, हे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडील फितीवर सेकंदाला पंचवीस चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्धचित्रांनी विणलेले असते. म्हणजे हालचालीच्या नोंदी पन्नास होतात. दुकानदार संगणकाच्या पडद्यावर चित्र स्वच्छ दिसावे म्हणून ही वीण मोडून पंचवीसच चित्रे ठेवतो. चर्चासत्रातील अध्यक्षीय भाषणाचे त्यामुळे काही बिघडत नाही (काही वेळा लाभच होत असेल). पण लावणीच्या द्रुत पदन्यासातील निम्मी नोंद नाहीशी होते. आवाजाचे तर अधिकच नाजूक आहे. व्हीएचएस फितीवर साधा ध्वनिपट्टा अगदी वरच्या कडेने जातो आणि फीत दुमडली की प्रथम कडाच खराब होते. चित्र शाबूत आणि शब्द हरवलेला, अशी स्थिती त्यामुळे येते. याखेरीज ‘गोंगाट’ म्हणून जो भाग सफाईने पुसला जातो, त्यात प्रेक्षकांचे हशे, शिट्ट्या, मध्येच टाकलेले शेरे असतात. बतावणीतील पुढचे वाक्य त्या शेऱ्यालाच उत्तर असते. शेरा गाळून उत्तर ठेवणारा संपादक आपण छापील संहितेच्या बाबतीत क्षणभरही चालवून घेणार नाही.

तेव्हा मूळ प्रतीत कोणतीही काटछाट वा सुधारणा न करता ती जशीच्या तशी उतरवावी, आणि पाहण्यासाठीची सुबक प्रत स्वतंत्र करावी. असंक्षिप्त चित्राला ताशी सुमारे शंभर गिगाबाइट जागा लागते हे खरे. तथापि एफएफव्ही१ सारख्या, काहीही न गमावता संक्षेप करणाऱ्या पद्धतीने ती निम्म्यावर वा त्याखाली येते. डब्यावरील हस्ताक्षरातील नोंदीचे छायाचित्र घ्यावे. फीत तुटलेली, जोडलेली, अस्पष्ट असेल तेथे वेळेसह टीप द्यावी. मूळ फीत फेकू नये. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे प्रयोगावरील हक्क कायद्यात आले आहेत. प्रत सर्वांसाठी खुली करण्यापूर्वी फडाची वा कुटुंबाची संमती घेणे त्यामुळे केवळ सौजन्याचा भाग राहत नाही.

हे कोण करील? तीन तासांची फीत उतरण्यास तीन तासच लागतात आणि तेवढा वेळ कोणीतरी कान देऊन बसावे लागते. असे श्रम आज संशोधनात गणले जात नाहीत. एका प्रयोगाची शब्दशः संहिता, पाठटीपांसह, पीएच. डी.च्या प्रबंधाचा गाभा म्हणून स्वीकारण्यास अभ्यास मंडळांनी का कचरावे, हे कळत नाही. एखाद्या अप्रकाशित पोथीचे संपादन आपण पूर्वीपासून स्वीकारीत आलोच आहोत. फितीवर जेथे शब्द ऐकू येत नाही, तेथे तो काय होता हे सांगू शकतील असे कलावंत अद्याप काही गावांतून आहेत. त्यांच्यापर्यंत जाण्याच्या प्रवासखर्चाची तरतूद विभागांनी येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकातच करावी.