उचल : दिसत नसलेले कुंपण

१/ आर्क्टिक रशियातील वोर्कुटा हे कोळशाचे शहर कैद्यांनी उभारले. १९४३ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. १९५३ मध्ये तेथील संपकरी कैद्यांवर गोळीबार झाला. ते श्रम सक्तीचे होते, याबद्दल कोणी वाद घालत नाही.

२/ बीड जिल्ह्यातील वडवणीचा विषय निघताच मात्र शब्द मवाळ होतो : 'हंगामी स्थलांतर'. मुकादमाकडून उचल घेऊन येथील जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. हिशेबात नवराबायको मिळून एक 'कोयता'. माणसांच्या जागी अवजार.

३/ 'ती स्वखुशीने जातात' हा युक्तिवाद पोकळ आहे. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. उरलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे, यालाच १९७६ चा कायदा वेठबिगारी म्हणतो.

४/ वोर्कुटात काटेरी तार होती, बंदूकधारी पहारा होता. वडवणीत तसे काही नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मान्यच करावा. परंतु कायद्याने वेठबिगारीसाठी तारेची अट घातलेली नाही.

५/ याच कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द होते. 'स्थलांतर' म्हटले की उचल वसूल करता येते. 'वेठबिगारी' म्हटले की ती बुडते. इतिहास लिहिणाऱ्यांनी तरी मुकादमाच्या सोयीचा शब्द वापरू नये.