दुखण्यावर गोळी, पण कोणती?

वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात बायांची बैठक घ्या, कंबर-गुडघ्यांचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. दिवसभर वाकून कापूस वेचायचा, पोटाशी बांधलेली ओटी वागवायची, आणि मजुरी किलोवर. घरी आल्यावर पाणी आणि चूल आहेच. एक दिवस बसली तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. म्हणून ती दुकानातून गोळी आणते, रिकाम्या पोटी चहाबरोबर घेते आणि पुन्हा शेतात जाते. मी बैठकीत विचारते, ‘‘कोणती गोळी?’’ उत्तर येतं, ‘‘पांढरी,’’ ‘‘पुडीतल्या तीन.’’ नाव तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

अमेरिकेत वेदनाशामक म्हणून दिलेल्या अफूजन्य गोळ्यांचं लाखो लोकांना व्यसन लागलं. तेव्हापासून ‘अफूऐवजी दुसरं काय?’ हा प्रश्न जगभर विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत अफूजन्य औषध नुसत्या नकली गोळीपेक्षा सरस ठरत नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या २०२३ सालच्या चाचणीत दिसलं. पण आपल्या बाईला हे ‘दुसरं काही’ आधीपासूनच मिळतं आहे. ते फुकटात सोसण्यासारखं आहे का, हे मात्र तिला कुणी सांगत नाही.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या सूज आणि दुखणं खरोखर कमी करतात. पण रोज घेतल्या तर पोटात व्रण होतो, आतल्या आत रक्त जातं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला हे किती महागात पडत असेल? उन्हात घाम गाळून, पाणी न पिता घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. गरोदर बाईने पाचव्या महिन्यापासून पुढे डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. विदर्भातून गिधाडं कशी नाहीशी झाली आठवतं? डायक्लोफिनॅक टोचलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. पण गिधाडांसाठी जेवढी विचारपूस झाली, तेवढी मजूर बाईसाठी व्हायला काय हरकत आहे?

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे, मात्र जुन्या कंबरदुखीत त्याचा उपयोग बेताचाच. धडधाकट माणसानेही ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर चोवीस तासांत जाऊ नये, नाहीतर यकृत धोक्यात येतं. अशक्त बाईला किंवा दारू पिणाऱ्याला त्याहून कमी. नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन देतात. त्याने गुंगी आणि चक्कर येते. आणि ‘पुडीतल्या तीन’मध्ये कधीकधी स्टेरॉइड असतं. त्याने दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून ती पुडी नावाजली जाते. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर जिवावर बेततं.

आता दुसरी बाजू. गर्भाशयमुखाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाने शेवटच्या टप्प्यात तळमळणाऱ्या बाईला या गोळ्या पुरत नाहीत. तिला मॉर्फिन लागतं. नीट मोजून दिलं, बद्धकोष्ठावरचं औषध सोबत दिलं, तर ते तिला झोप आणि घास देतं. आपल्याच देशात, मध्य प्रदेश आणि राजस्थानात, सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतरच्या बारा वर्षांत मॉर्फिनचा औषधी वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. २०१४ साली कायदा सुधारला, नियम सोपे झाले. पण भीती कागदावरून गेली तरी मनातून जात नाही. ‘‘बाईमाणसाला सोसायची सवय असते,’’ हे वाक्य मी दवाखान्यांच्या व्हरांड्यात ऐकलं आहे. सवय असते म्हणून दुखत नाही, असं कुठे लिहिलंय?

म्हणजे जिथे मॉर्फिन हवं तिथे ते नाही, आणि जिथे विश्रांती हवी तिथे गोळी आहे. माझ्या मते आपला आग्रह साधा असावा. गोळीचं नाव आणि दिवस कागदावर मराठीत लिहून मिळावेत. ‘‘यात स्टेरॉइड आहे का? किती दिवस घ्यायची? पोटाला, मूत्रपिंडाला काय होईल?’’ हे विचारायचा आपला हक्क आहे. ग्रामीण रुग्णालयात व्यायाम शिकवणारं माणूस हवं. जिल्ह्याच्या ठिकाणी मॉर्फिन देणारा प्रशिक्षित डॉक्टर हवा.

आणि एक मागणी दवाखान्याबाहेरची. ओझं कमी, मधे बसायला वेळ, आणि आजारपणाच्या दिवसाची मजुरी. याला पर्याय म्हणून कुठल्याच कंपनीची गोळी आपण मान्य करता कामा नये.