एक्सपीसाठी नवं सॉफ्टवेअर? हो, बांधायलाच हवं

मालवणच्या बाजारपेठेतल्या एका छापखान्यात विंडोज एक्सपीचा संगणक अजून रोज चालतो. त्यात पेजमेकर ७ आहे, युनिकोडच्या आधीचा मराठी फाँट आहे आणि मागच्या पॅरलल पोर्टला त्या फाँटचा डोंगल लावलेला आहे. आंगणेवाडीच्या जत्रेची पत्रकं, दशावतारी नाटकांच्या जाहिराती, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका असा वीस वर्षांचा मजकूर त्या एका डब्यात आहे. हा मजकूर युनिकोडमध्ये आणायला मी एक कन्व्हर्टर लिहिला. मालकांनी आधी एवढंच विचारलं, "आमच्या मशिनार चलतला मां ह्या?"

नाही चालला. मी तो विंडोज ११ वर ताज्या कंपायलरने बांधला होता. एक्सपीवर उघडला तर ‘हा वैध प्रोग्रॅम नाही’ अशा अर्थाची पाटी आली. नवा कंपायलर फाइलीच्या डोक्यावर ‘किमान विंडोज ६’ असं लिहून ठेवतो, आणि एक्सपी आहे ५.१. तो आकडा खाली आणला तर दुसरी पाटी : ‘गेटटिककाउंट६४’ हे फंक्शन सापडत नाही. वेळ मोजायला मीच ते वापरलं होतं आणि ते व्हिस्टापासूनचं आहे. एक्सपीतलं जुनं ‘गेटटिककाउंट’ ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतं, म्हणून नवं आलं. छापखान्याचा संगणक रोज रात्री बंद होतो, त्याला जुनं पुरेसं होतं. ते बदललं तर आणखी नावं पुढे आली. ती माझ्या कोडमध्ये कुठेच नव्हती, कंपायलरबरोबरच्या लायब्ररीने ती परस्पर आत आणली होती.

पुण्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंचं यावर ठरलेलं उत्तर आहे : एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा नवा संगणक घ्या आणि विषय संपवा. त्यातला सुरक्षिततेचा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. एक्सपी इंटरनेटला जोडू नये, त्यावरून बँकेचे व्यवहार तर मुळीच करू नयेत, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने दुरुस्त्या न घातलेल्या विंडोजची काय दशा केली ते आपण पाहिलं आहे. पण माझ्या कन्व्हर्टरला जाळं लागतच नाही. एक फाइल आत घेतो, एक बाहेर देतो.

आणि ‘नवा घ्या’ म्हणजे नेमकं काय घ्या? नव्या संगणकाला पॅरलल पोर्ट नसतो, म्हणजे डोंगल गेला आणि त्याच्याबरोबर फाँटही गेला. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइन सीएस६ पर्यंत उघडत होत्या, पुढच्या सीसी आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. मजकूर नुसता काढून दुसरीकडे बदलावा म्हणाल, तर तो तपासणार कोण? ज्याने तो टाइप केला त्यानेच, मूळ पान शेजारी उघडून. ते पान फक्त त्याच डब्यावर जसंच्या तसं दिसतं.

तपासणी किती नाजूक असते ते ‘सिंधुदुर्ग’ या एका शब्दात पाहा. जुन्या फाँटमध्ये अक्षरांचे नुसते आकार साठवलेले असतात, ते दिसतात त्याच क्रमाने. ‘सि’ची वेलांटी ‘स’च्या आधी टाइप झालेली असते आणि शेवटचा रफार ‘ग’च्या नंतर. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो : आधी स, मग वेलांटी, आधी र, मग हलन्त, मग ग. म्हणजे कन्व्हर्टरला एकाच शब्दात वेलांटी मागे न्यायची आणि रफार पुढे आणायचा. ‘वर्षे’ आलं की रफार आणि मात्रा एकाच डोक्यावर बसतात, आणि कुणी आधी मात्रा टाइप केली होती, कुणी आधी रफार. अशा ठिकाणी माणूसच लागतो. शिवाय एक्सपीत मंगल फाँट असला तरी देवनागरीची जोडणी नीट दिसायला कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची सोय सीडीवरून वेगळी घालावी लागते. तीही घातली.

दुसरा आक्षेप तांत्रिक : आधुनिक सी++ जुन्या लायब्ररीवर बसतच नाही. हे मला साफ चुकीचं वाटतं. भाषा नवी असणं आणि खालची लायब्ररी नवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ मध्ये एक्सपीसाठीचा वेगळा टूलसेट आहे आणि त्यात सी++१७ लिहिता येतं. मी तोच वापरला, रनटाइम लायब्ररी फाइलीतच स्थिर जोडली, आणि कन्व्हर्टर चालला.

लिनक्सवर तर हे रीतसर केलं जातं. नव्या जीलिब्सीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेला प्रोग्रॅम जुन्या जीलिब्सीवर ‘ही आवृत्ती नाही’ म्हणून अडतो. जुन्यावर बांधलेला मात्र नव्यावर चालतो. म्हणून नमपायसारख्या पायथॉन पॅकेजांच्या तयार फाइली वर्षानुवर्षं मॅनीलिनक्स २०१४ या साच्यात बांधल्या गेल्या. त्या साच्याचा पाया सेंटओएस ७, त्यातली जीलिब्सी २.१७ ही डिसेंबर २०१२ ची, आणि तिच्यावर चालवलेला कंपायलर मात्र जीसीसी १०. सेंटओएसचा स्वतःचा कंपायलर ४.८ होता. नवा कंपायलर आणि जुनी लायब्ररी सुखाने नांदतात, याला आणखी पुरावा कशाला? आणि तळ एकाएकी वर नेला की काय होतं, तेही फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या कोड-संपादकाच्या १.८६ आवृत्तीने जीलिब्सी २.२८ सक्तीची केली, जुन्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांची जोडणी तुटली, आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टला एक वर्षाची मुदत द्यावी लागली.

तिसरा आक्षेप छापखानेवाल्यांचाच असतो, आणि तो मला सगळ्यात जास्त बोचतो : चाललंय तर हात कशाला लावायचा? कारण ते उद्या चालणार नाही. मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात रॅमच्या पट्ट्या काळ्या पडतात, मदरबोर्डवर हिरवट थर चढतो. त्या एका डब्याची हार्ड डिस्क गेली तर वीस वर्षांच्या नाटकमंडळ्यांची, खेळांची, गावांची नावं गेली. शिल्लक राहील त्या छापील पत्रकात एखादं नाव शोधायचं तर पानंच चाळावी लागतील.

म्हणून मी जुन्या यंत्रासाठी नवं सॉफ्टवेअर बांधा म्हणतो. ते यंत्र कायम चालवत ठेवण्यासाठी नाही, त्यातला मजकूर सुखरूप बाहेर काढण्यासाठी. तो बाहेर काढणारा प्रोग्रॅम त्या यंत्रावर चालला पाहिजे, आणि तो चालवून दाखवणं हे बांधणाऱ्याचं काम आहे, गिऱ्हाइकाचं नाही. माझ्या टेबलाखाली आता एक एक्सपीचा संगणक कायमचा आहे. कोणताही बदल केला की आधी तो तिथे चालवतो.

छापखान्यातल्या स्मरणिका आता झाल्या आहेत. दशावताराच्या जाहिराती चालू आहेत, आणि त्यात ‘वर्षे’ जवळजवळ प्रत्येक पानावर आहे.