विश्लेषण : बोईसर-तारापूरचा उजेड रस्त्यावर पडतो की आकाशात?

वाढवण बंदर आणि बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक यांमुळे पालघरच्या किनारपट्टीवर येत्या काही वर्षांत मोठ्या संख्येने नवे दिवे लागणार आहेत. पथदिव्याचा खांब एकदा उभा राहिला की वीस-पंचवीस वर्षे हलत नाही. त्यामुळे हे दिवे कसे असावेत, याचा निर्णय खांब रोवण्यापूर्वीच व्हायला हवा. वीजबचत आणि प्रकाशप्रदूषण हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण त्यांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे.

हा प्रश्न आताच का?

तारापूर आणि वीज यांचे नाते जुने आहे. देशातील पहिले व्यावसायिक अणुवीज केंद्र १९६९ मध्ये येथेच सुरू झाले. शेजारी रसायने, कापड आणि पोलाद उद्योगांची मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात, त्यामुळे येथे रात्र कधीच पूर्ण झोपलेली नसते. कामगार रात्री-अपरात्री पायी, सायकलने किंवा रिक्षाने घरी जातात.

आता या पट्ट्यात भर पडते आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला आहे. बंदर म्हणजे रात्रभर पेटणारे हायमास्ट आणि फ्लडलाइट, शिवाय जोडरस्ते, गोदामे, वाहनतळ आणि नव्या वसाहती. यातील प्रत्येक काम वेगळी यंत्रणा करणार. औद्योगिक वसाहतीतले दिवे एमआयडीसीचे, पालघर शहरातले नगर परिषदेचे, गावांतले ग्रामपंचायतींचे, महामार्गावरचे महामार्ग प्राधिकरणाचे, फलाटांवरचे रेल्वेचे आणि कुंपणाच्या आतले कारखानदारांचे. एकूण उजेड किती आणि कुठे पडतो, याचा हिशेब मात्र कोणाच्याच टेबलावर नसतो.

एलईडीने काय साधले?

केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू केला. ‘एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड’ या सरकारी कंपनीने पालिकांचे जुने दिवे स्वखर्चाने बदलायचे आणि पालिकांनी वाचलेल्या वीजबिलातून ती रक्कम फेडायची, अशी ही योजना. तिच्यातून देशभरात सव्वा कोटीहून अधिक एलईडी पथदिवे बसले.

बचत खरी आहे. २५० वॉटचा सोडियम दिवा चोकसह साधारण २८० वॉट वीज घेतो. तेच काम सुमारे १२० वॉटचा एलईडी करतो. रोज ११ तास दिवा जळतो असे धरले, तर एका खांबामागे वर्षाला सुमारे ६४० युनिट वाचतात. शंभर खांबांमागे ६४ हजार युनिट. पथदिव्यांच्या थकलेल्या बिलांपायी वीजजोडणी तोडली जाण्याची वेळ राज्यातील अनेक ग्रामपंचायतींवर आली आहे. त्यांच्यासाठी हा आकडा लहान नाही.

मग आकाश उजळ का होत आहे?

याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे वाचलेला पैसा पुन्हा दिव्यांतच जातो. उजेड स्वस्त झाला की तो जास्त ठिकाणी, जास्त वेळ आणि जास्त प्रखर लावला जातो. उपग्रहांच्या नोंदींनुसार २०१२ ते २०१६ या काळात जगातील कृत्रिम प्रकाशाखालचे क्षेत्र दरवर्षी २.२ टक्क्यांनी वाढले. एलईडीचा प्रसार याच काळात झपाट्याने होत होता.

दुसरे कारण प्रकाशाच्या रंगात आहे. दिव्याचा रंग केल्विनमध्ये मोजतात. जुना सोडियम दिवा दोन हजार केल्विनच्या आसपास, म्हणजे पिवळसर-नारिंगी. आपल्याकडे रस्त्यांवर सर्रास लागणारे पांढरे एलईडी पाच ते साडेसहा हजार केल्विनचे असतात आणि त्यांत निळ्या प्रकाशाचा अंश मोठा असतो. दिवसा आकाश ज्या कारणाने निळे दिसते, त्याच कारणाने हा निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशापेक्षा हवेच्या रेणूंकडून सुमारे तिप्पट विखुरला जातो. किनाऱ्यावरची दमट हवा आणि धूलिकण यांमुळे गावावरचा उजेडाचा घुमट आणखी ठळक होतो.

गंमत अशी की, रात्रीचा प्रकाश मोजणाऱ्या प्रमुख उपग्रहाच्या संवेदकाला हा निळा प्रकाश दिसतच नाही. त्यामुळे सोडियम काढून पांढरा एलईडी लावला, की उपग्रहाच्या चित्रात शहर मंद झाल्यासारखे दिसते. जमिनीवरून पाहणाऱ्यांचा अनुभव उलटा आहे. २०११ ते २०२२ दरम्यान जगभरातील नागरिकांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक निरीक्षणांवरून आकाशाची उजळता वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. या वेगाने, आज २५० तारे दिसणाऱ्या गावात जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी तेथूनच जेमतेम शंभर दिसतील.

ही केवळ तारे पाहणाऱ्यांची तक्रार आहे का?

तसे नाही. आकाशात गेलेला प्रत्येक किरण म्हणजे पैसे मोजून वाया घालवलेली वीज. खांबावरचा दिवा तिरका बसवला असेल, तर त्याचा उजेड समोरच्या घराच्या खिडकीत, चालकाच्या डोळ्यांत आणि ढगांवर पडतो. रस्त्याच्या वाट्याला उरलेला येतो. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला खिडकीचा पडदा ओढावा लागतो. आता दिवसपाळीच्या कामगारालाही रात्री तेच करावे लागते. झोपेची वेळ ठरवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकावर निळ्या प्रकाशाचा परिणाम सर्वाधिक होतो. म्हणूनच अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांसाठी तीन हजार केल्विन किंवा त्याहून उबदार दिव्यांची शिफारस केली.

निसर्गाचा हिशेब वेगळा. समुद्री कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर आली की क्षितिजावरच्या उजळ बाजूकडे धावतात. नैसर्गिक रात्री ती बाजू समुद्राची असते, दिव्यांच्या किनाऱ्यावर ती रस्त्याची ठरते. जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र तारापूरच्या शेजारी डहाणूलाच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत दिसणारे काजवे आपला जोडीदार लुकलुकीवरून शोधतात. फ्लडलाइटखाली ती खूण हरवते. डहाणू तालुक्याला केंद्राने १९९१ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केले, तेव्हा धूर आणि सांडपाण्याची चिंता होती. प्रकाशाचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

उजेड कमी म्हणजे सुरक्षा कमी?

हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पाळी संपवून एकटीने घरी जाणाऱ्या कामगार महिलेला तारे मोजायचे नसतात, रस्ता दिसायला हवा असतो. न्यूयॉर्कमध्ये अंधाऱ्या सार्वजनिक वसाहतींत दिवे उभारल्यावर रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात आढळले. दुसरीकडे, इंग्लंड आणि वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या २०१५ मधील अभ्यासात मध्यरात्रीनंतर दिवे मंद किंवा बंद केल्याने गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

या दोन्हींचा अर्थ एकत्र लावला पाहिजे. जेथे माणसे चालतात आणि अंधार आहे, तेथे दिवा हवाच. जेथे पुरेसा उजेड आहे, तेथे दुप्पट उजेडाने सुरक्षा दुप्पट होत नाही. भारतीय मानक आयएस १९४४ मुख्य रस्त्यांसाठी सरासरी ३० किंवा १५ लक्स, तर दुय्यम रस्त्यांसाठी ८ किंवा ४ लक्स उजेड सांगते. लक्स म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर पोहोचलेला प्रकाश. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते. याच मानकात समानतेचीही अट आहे : मुख्य रस्त्यावर सर्वांत अंधाऱ्या जागीही सरासरीच्या किमान ४० टक्के उजेड हवा. धोका असतो तो एका झगझगीत खांबाच्या आणि पुढच्या बंद खांबाच्या मधल्या काळोखात. प्रखर दिव्याने दिपलेल्या डोळ्यांना तो काळोख आणखी गडद भासतो.

कायदा काय सांगतो?

फारसे काही नाही. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ मध्ये ‘प्रदूषक’ म्हणजे घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ, अशी व्याख्या आहे. प्रकाश यांपैकी काहीच नाही. ठाणे, मुंबई, मीरा-भाईंदर परिसरात झाडांना गुंडाळलेल्या रोषणाईविरोधातील जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सरकार आणि महापालिकांना नोटिसा बजावल्या, तेव्हा हा विषय राज्यात चर्चेत आला. फ्रान्सने मात्र २०१८ च्या आदेशाने दिव्यांचा रंग, वर जाणारा प्रकाश आणि वेळ यांवर बंधने आणली. तेथे इमारतींची शोभेची रोषणाई रात्री एकपर्यंत बंद करावी लागते.

पेंचने काय करून दाखवले?

कायदा नसतानाही बदल होऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक पथदिवे आणि सार्वजनिक दिवे बदलून जमिनीकडे रोखलेले दिवे लावण्यात आले. गावे अंधारात ढकलली गेली नाहीत. दिव्याचे तोंड तेवढे खाली वळले.

बोईसर-तारापूर हे जंगल नव्हे. येथे अणुवीज केंद्राची सुरक्षा आहे, रसायनांच्या टँकरांची ये-जा आहे. अशा ठिकाणी दिवा विझवून चालणार नाही. मात्र दिव्यावर झाकण बसवणे आणि त्याचा कोन खाली ठेवणे कोणत्याही सुरक्षेच्या आड येत नाही.

मग करायचे काय?

उत्तर निविदेच्या कागदावर आहे. दिव्यांची खरेदी सहसा वॉट आणि नग यांच्या हिशेबाने होते. त्याऐवजी अटी अशा घालता येतील : रस्त्याच्या वर्गाप्रमाणे जमिनीवर मोजून दिलेला लक्स, आडव्या रेषेच्या वर शून्य प्रकाश, तीन हजार केल्विनपर्यंतचा रंग आणि वर्दळ ओसरल्यावर आपोआप मंद होणारी यंत्रणा. १२० वॉटचा दिवा रात्री सहा तास निम्म्यावर आणला, तरी खांबामागे वर्षाला आणखी १३० युनिट वाचतात. पाळी सुटण्याच्या वेळी तो पुन्हा पूर्ण उजळू शकतो. सौर दिवे लावायचे तर बॅटरी बदलण्याचा खर्च आणि देखभाल करारातच हवी, अन्यथा काही वर्षांत खांब तेवढा उरतो. बंद दिव्याची तक्रार कोणाकडे करायची, हे प्रत्येक खांबावर लिहिलेले असावे.

हे सारे एकाच कार्यालयाला जमणार नाही. जिल्हा प्रशासनाने एमआयडीसी, नगर परिषद, ग्रामपंचायती, रेल्वे, महामार्ग आणि बंदर या सर्वांसाठी एकच प्रकाश-नियमावली केली, तर निम्मे काम होईल. जुने दिवे बदलणे खर्चाचे असते, नवे नीट लावण्यासाठी मात्र फारसा जादा पैसा लागत नाही. ही संधी बंदराचे हायमास्ट उभे राहीपर्यंतच आहे.

वाचलेली वीज पुन्हा आकाश उजळण्यात घालवायची, की तिच्यातून आज एकही दिवा नसलेल्या पाड्याच्या रस्त्यावर उजेड न्यायचा, हे ठरवायचे आहे. पाळी सुटल्यावर चालत घरी जाणाऱ्याच्या दृष्टीने प्रकाशप्रदूषणाचा प्रश्न तो हाच.