मध्यरात्रीचा निर्जळी हुकूम

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ‘बारानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही’ असा जो हुकूम आपल्याकडील अनेक इस्पितळांत आजही सरसकट दिला जातो, त्याच्यामागचे शास्त्र केव्हाच बदलले आहे. शिरस्ता मात्र कायम आहे.

या हुकुमाचे मूळ निराधार होते असे नव्हे. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ गर्भवतींचे दप्तर तपासले, तेव्हा भुलीच्या अमलाखाली ६६ स्त्रियांच्या श्वासमार्गात जठरातील ऐवज उतरल्याचे त्यांना आढळले, आणि त्यांपैकी ज्या दोघी दगावल्या त्या घन अन्नाने श्वास कोंडून. भुलीने खोकण्या-गिळण्याची उपजत संरक्षक शक्ती लोपते, सबब पोट रिकामे असणे अगत्याचेच. परंतु पोळीभाजी पचण्यास जेथे कित्येक तास लागतात, तेथे निव्वळ पाण्याचा निम्म्याहून अधिक अंश निरोगी जठरातून अर्ध्या तासाच्या आत पुढे सरकतो, हे प्रयोगान्ती सिद्ध झाल्यावर अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेने १९९९ मध्येच हलक्या आहारासाठी सहा तासांची, आईच्या दुधासाठी चार तासांची आणि पाण्यासाठी अवघ्या दोन तासांची मर्यादा घालून दिली. युरोपातील भूलतज्ज्ञांनी तर २०२२ साली बालकांच्या बाबतीत पाण्याची मुदत एका तासावर आणली.

असे असता, दुपारी दोन वाजता ज्याची पाळी यावयाची त्या सत्तरीच्या वृद्धाला चौदा तास तहानलेला ठेवण्यात कोणते रुग्णहित साधते? शरीर शुष्क झाले की भूल देताच रक्तदाब घसरण्याचा धोका वाढतो, डोके दुखते, मळमळते, आणि लहान मूल तर रडून रडून बेजार होते. शस्त्रक्रियांचा क्रम ऐनवेळी बदलतो, म्हणून साऱ्या कक्षाला एकच हुकूम देणे सोयीचे पडते, हे मला मान्य आहे. पण कारभाराच्या त्या सोयीची किंमत सर्वांत दुर्बल माणसाने मोजावी, हे मला अन्यायाचे वाटते.

मात्र सवलत सरसकट नाही. आतड्यात अडथळा असलेल्यांची आणि तातडीच्या शस्त्रक्रियेस येणाऱ्यांची गोष्ट निराळी. मधुमेहावर व वजन घटविण्यासाठी हल्ली घेतली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे जठराची गती मंदावतात, म्हणून अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा टोचायचे असे औषध शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर थांबविण्याचा सल्ला दिला, आणि पुढील वर्षी तोही प्रत्येक रुग्णाची जोखीम पाहून ठरवावा अशी दुरुस्ती झाली. संशोधनाचा एकंदर रोख हाच आहे: हुकूम कक्षाला नव्हे, माणसाला पाहून द्यावा.

तेव्हा वाचकहो, भूलतज्ज्ञ तपासणीस आले म्हणजे ‘मी पाणी नेमके किती वाजेपर्यंत प्यावे?’ असे निःसंकोच विचारा. चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव त्यांना सांगा. दुधाचा चहा पाण्यात मोजू नका. आणि शस्त्रक्रिया लांबणीवर पडली, तर तोच प्रश्न पुन्हा विचारा.