‘कलकत्ता’ म्हणून दाखवलेली काशी

हिंदुस्थानात चित्रित झालेल्या आणि आज उपलब्ध असलेल्या अगदी आरंभीच्या चित्रफितींपैकी एक लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहे. साल १८९९, निर्माती वॉरविक ट्रेडिंग कंपनी. शीर्षक सांगते की, हे गंगेवरून दिसणारे कलकत्ता. नावेतून टिपलेल्या त्या फितीत घाटामागून घाट सरकत जातात. मात्र त्यात कलकत्ता कोठेच नाही. ती साक्षात काशी आहे! साहेबाच्या बाजारात राजधानीचे नाव अधिक खपत असावे. काशीच्या नावाची मात्र त्यांना गरज भासली नाही. त्याच संग्रहात १९०६ सालची दुसरी एक फीत आहे. तिचे शीर्षक ‘हिंदुस्थानातील एक नेटिव्ह रस्ता’ एवढेच. शहराचे नाव शीर्षकात घालण्याचीही तसदी कोणी घेतली नाही.

फीत ज्याच्या हाती, तिच्यावरची चिठ्ठीही त्याच्याच हाती, असा हा व्यवहार आहे. शिलालेख खोटा की खरा यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाद घातले जातात. पण चालत्या चित्राकडे पुरावा म्हणून पाहण्याची सवय मात्र अद्याप लागलेली नाही. वस्तुत: छायाचित्र वास्तू दाखवते, तर चित्रफीत वहिवाट दाखवते. कोण कोणत्या बाजूने चालतो, ओझी कशी वाहिली जातात, गर्दी कोठे थबकते, होडी वल्ह्यावर चालते की इंजिनावर, हे सारे तिच्यात आपसूक नोंदले जाते. चित्रण करणाऱ्याने ज्याकडे लक्षही दिलेले नसते, तेच पुढे अधिक मोलाचे ठरते.

काशीच्या गल्ल्यांचे असे चित्रण फार कोणी हेतुत: केले नाही. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ने ते १९५६ मध्ये जाता जाता केले. कथा १९२० च्या सुमाराची, गल्ल्या आणि घाट मात्र १९५६ चे. तरीही ते त्या काळात शोभून गेले, यावरूनच तोवर काशीत बदल किती संथ होता ते कळते. अर्थात सावधगिरी हवी. त्यातील घराचा चौक स्टुडिओत उभारलेला होता. तो काशीचा पुरावा नव्हे. पुढे १९७९ च्या ‘जय बाबा फेलुनाथ’मध्ये तीच नगरी रंगीत दिसते. १९८६ साली रॉबर्ट गार्डनर या अमेरिकन चित्रकाराचा ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ आला. त्यात निवेदनाचा एक शब्द नाही. घाट, लाकडाच्या नावा, झेंडूच्या माळा, चिता, सारे आहे. पण हा कोणता घाट आणि हा माणूस काय करतो, हे प्रेक्षकाला सांगणारे कोणी नाही.

आणि मग २०१९ उजाडले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये काशी विश्वनाथ धामाची पायाभरणी झाली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे लोकार्पण. जेमतेम तीन हजार चौरस फुटांचा परिसर पाच लाखांवर गेला, तीनशेहून अधिक मालमत्ता घेण्यात आल्या, घरांच्या भिंतींआड दडलेली चाळीसहून अधिक मंदिरे मोकळी झाली. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये पुन्हा उभारलेल्या मंदिराला गंगेची वाट मिळाली. हे काम आवश्यकच होते. चेंगराचेंगरीच्या धास्तीने दर्शन घेणाऱ्या वृद्धांना विचारावे, गल्ल्यांसाठी दुरून उसासे टाकणाऱ्यांना नव्हे. पण म्हणून गल्लीची नोंदही अनावश्यक ठरत नाही. पाडण्यापूर्वीच्या प्रत्येक घराचे, त्यातील मंदिराचे आणि गल्लीच्या वळणाचे जे जे चित्रण सरकारी यंत्रणांनी, कंत्राटदारांनी वा रहिवाशांनी केले असेल, ते स्थळ आणि तारखेसह एकत्र करून जनतेसाठी खुले झाले पाहिजे. मंदिर घराआड होते की नव्हते, यावर पन्नास वर्षांनी वाद उकरणारे निपजतील. तेव्हा भाषणे उपयोगी पडणार नाहीत.

परक्यांना दोष देऊन येथे भागत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. जानेवारी २००३ च्या आगीत तेथील नायट्रेटच्या फितींचा मोठा ठेवा जळून गेला. नायट्रेट पेट घेते, हे जगाला ठाऊक होतेच. आता तर नवेच संकट आले आहे. जुन्या फिती संगणकाकडून रंगवून, त्यांची गती सफाईदार करून मोबाइलवर फिरवल्या जातात आणि सुशिक्षित घरांतही कौतुकाने पाहिल्या जातात. कृष्णधवल फितीत साडीचा रंग नसतो, मंदिरावरच्या ध्वजाचाही नसतो. यंत्र तो अंदाजाने भरते. कलकत्त्याच्या चिठ्ठीइतकीच ही रंगसफेदी खोटी, फक्त अधिक गोजिरवाणी.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात पिढ्यान् पिढ्या वसलेली मराठी घराणी आहेत. त्यांच्याकडे आणि महाराष्ट्रातून यात्रेला गेलेल्या कित्येक कुटुंबांकडे आठ मिलिमीटरची रिळे, व्हीएचएस कॅसेटी माळ्यावर पडून असतील. मुंजीच्या, गणेशोत्सवाच्या, गंगापूजनाच्या. मुंजीच्या मागे गल्ली दिसते, हेच त्यांचे मोल. ॲसिटेटच्या रिळाला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागला की त्याचा क्षय सुरू झालेला असतो. थंड, कोरड्या जागी ठेवून तो लांबवता येतो, परतवता येत नाही. कार्यकर्त्यांनी येत्या सुट्टीत एवढे हाती घ्यावे: रिळे उतरवावीत, प्रती करून घ्याव्यात आणि घरातील वडीलधारी माणसे सांगू शकतात तोवर त्यांना विचारून डब्यावर गल्लीचे नाव, साल, प्रसंग आणि चित्रण करणाऱ्याचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहावे.